रुक्माची गाठ

४ डिसेंबर १९१७, मंगळवार

मोजे परत आले! अख्खं गाठोडं. बेळगावच्या युद्धमदत कमिटीनं रेल्वेनं कॅसलरॉकपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं, जसंच्या तसं. वर एक ओळ — ‘निरुपयोगी. बोटांकडून उसवतात.’

मी स्वतः एक मोजा ओढून पाहिला. टोकाचा धागा धरला आणि सर्रकन पंजा उसवत गेला. दुसरा — तोच प्रकार. तिसरा — तोच.

वर्ष होत आलं मंडळ सुरू करून. कोयता आणि विळ्याशिवाय काही न धरलेल्या बायका! शाळेच्या पडवीत बसवून एकेकीच्या हातात सुया दिल्या, बोटं धरून टाके शिकवले. मोज्याची टाच वळवायला शिकवताना माझाच धीर सुटायची वेळ आली होती. आणि आता हे. आमच्या सुपे महालातली पोरं तिकडे बसऱ्याच्या आघाडीवर थंडीत, आणि आम्ही त्यांना उसवणारे मोजे पाठवतो!

५ डिसेंबर, बुधवार

चूक नव्हेच ती. मुद्दाम केलंय!

सगळ्याजणी शेवटचा टाका मोकळा सोडतात. धागा आत ओढून गाठ मारतच नाहीत. काशीनं सांगितलं. (इथल्या दुकानदाराची बायको, मूळची खानापूरकडची. मंडळात वाचता येणारी ती एकटीच, म्हणून अवघड गोष्टी सांगायला बाकीच्या तिलाच पुढे करतात.)

“बाई, माणूस परमुलखात असला की त्याच्या कपड्याला गाठ मारत न्हाईत. वाट बांधली जाते. मग त्यो घरला येईल कसा?”

“आणि मोजा उसवला तर?”

“मोजा दुसरा विणता येतो की.”

पुतळी फिसकन हसली. मी तिच्याकडे पाहिलं तशी पदर तोंडाला लावला.

मग मी बोलले. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे मला ठाऊक आहे. रशियात राजा गादीवरून उतरला, इंग्लंडात बायका कारखाने चालवतात, आणि आमची वाट एका धाग्यानं बांधली जाते! दोरा माणसाला अडवत नाही — भीती अडवते. असं पुष्कळ. सगळ्या खाली मान घालून ऐकत होत्या. सुया चालूच.

शेवटी रुक्मा म्हणाली, “बाई बोलत्यात ते खरं हाय. लई खरं हाय.”

आणि हातातला मोजा पुरा करून, शेवटचा टाका मोकळा सोडून, टोपलीत टाकला!

रुक्मावर रागावता येत नाही. तिचा एकुलता एक उमाजी. गेल्या उळवीच्या जत्रेत मी बोलले होते — ज्या हातात आज बंदूक, त्याच हातात उद्या स्वराज्य! गर्दीतून पहिला पुढे आला तो उमाजी. मुंडासं सारखं करत नाव सांगितलं. मीच कपाळाला कुंकू लावलं. पुतळी त्याची बायको. तेव्हा लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. जत्रेतून परतताना सासू-सून दोघी माझ्या गाडीमागून चालत होत्या. मंडळ निघालं तेव्हा पहिल्या आल्या त्याच.

१० डिसेंबर, सोमवार

परत आलेले मोजे उसवून तीच लोकर पुन्हा विणायला घेतली. आजचा दिवस चांगला गेला. लोकरीचा रंग पाहून पुतळी म्हणाली, “साहेबाची मेंढी शेणात लोळली व्हती काय?” त्यावर काशी — “साहेबाची मेंढी हाय ती. लोळायच्या आधी हुकूम काढत असंल.” हसून हसून सुयांवरचे टाके सुटले.

भात मळून झालं आहे, म्हणून दुपारी सगळ्या मोकळ्या. कुणी येताना काकडी आणते, कुणी नाचणीची भाकरी. मी विधवा, एकटी, बेळगावच्या कॉलेजातून या रानात आले तेव्हा पाण्याला जातानासुद्धा कुणी सोबत बोलत नव्हतं. आता पडवीत बसायला जागा पुरत नाही. रुक्मा भाकरीचा पहिला तुकडा मला देते. “खावा बाई. बोलायला ताकद लागती.”

गाठी मात्र कुणी मारत नाही. संध्याकाळी त्या गेल्या की मी बसते आणि एकेक टोक बंद करते. त्यांना माहीत आहे. बघून न बघितल्यासारखं करतात.

१७ डिसेंबर, सोमवार

लाज! लाज! लाज!

यशवंत पाटील शाळेत आला. मुलींसमोर म्हणाला, “बाई, तुमचा वाघ पळाला.”

उमाजी! बोटीवर चढवायच्या आधी बेळगावच्या छावणीतून पळाला. ज्याच्या कपाळाला मी कुंकू लावलं तो! पाटलाच्या हातात हुकूम होता — दिसेल तिथे धरावा, आसरा देणाऱ्यालाही कैद.

“पण गावायचा न्हाई,” पाटील म्हणाला. “अनमोडच्या घाटावरून गोव्यात उतरला असणार. फिरंग्याच्या हद्दीत आपलं काय चालतंय? चार दिवस बघायचं आणि न्हाई म्हणून कळवायचं.”

रुक्माला बोलावलं. “मला ठाव न्हाई,” एवढंच म्हणाली. मी पाटलाला बजावलं — या बाईच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तिच्या घरात शिपाई घालायचा नाही.

पाटील गेल्यावर तिनं माझे पाय धरले. मी सोडवून घेतले. पोराची लाज आईनं का वाहायची?

२८ डिसेंबर, शुक्रवार

मंडळात उमाजीचं नाव कुणी काढत नाही. रुक्मा येते, बसते, विणते. पुतळी येत नाही. काशीनं आज रुक्माला क्विनीनची पुडी दिली. कुणाला ताप, विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, “पुतळीला.”

मी रुक्माला बाजूला घेऊन सांगितलं — निरोप आला तर कळव. आपण होऊन हजर झाला तर मी साहेबापुढे उभी राहीन. शिक्षा कमी होईल. कलंक धुऊन निघेल.

“निरोप आला तर सांगीन की बाई.”

सुईवरून नजर वर केली नाही.

८ जानेवारी १९१८, मंगळवार

आज डोळ्यांत पाणी आलं. रुक्मानं गाठ मारली!

गळपट्टा होता. चांगला हातभर रुंद, घट्ट विणीचा. शेवटचा टाका ओढला, धागा दोनदा फिरवला, दातानं आवळला. मी समोर उभी होते. पोटचा पोरगा परमुलखात, बेपत्ता — आणि हिनं सगळ्यांसमोर गाठ मारली! माझं वर्षभराचं बोलणं एका हृदयात तरी रुजलं. आणि तेही कुठल्या!

मी तो गळपट्टा उचलून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा! हिच्याहून जास्त भीती बाळगायचं कारण तुमच्यापैकी कुणाला आहे? तरी हिनं केलं ना?

सगळ्यांच्या नजरा आपापल्या सुयांवर. काशी तेवढी म्हणाली, “बाई, ठेवा की ते खाली.”

वाटलं, लाजल्या. गळपट्टा मी माझ्याजवळच ठेवून घेतला.

१८ जानेवारी, शुक्रवार

रविवारच्या बाजारात भरतीची सभा. महालाचे मुख्य अंमलदार, महालकरीसाहेब, स्वतः येणार. मला बोलायचं आहे. काय बोलायचं ते ठरलं आहे. पुस्तकातलं काही नको. आपल्या मातीतलंच उदाहरण!

२० जानेवारी, रविवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

बाजार भरलेला. मी इतकी चांगली कधी बोलले नव्हते. भीती कशी पिढ्यानपिढ्या आपल्याला बांधून ठेवते ते सांगितलं. मग तो गळपट्टा वर धरला.

“पाहा! ही गाठ रुक्माबाईनं मारली. पोर हरवलेलं, ठावठिकाणा नाही, तरी या माउलीनं भीतीला लाथ मारली. माझ्या डोळ्यांदेखत! सुप्याच्या पुरुषांनो, तुमच्यात एवढी छाती आहे?”

महालकरीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. ते धारवाडकडचे. त्यांच्या कारकुनानंही वाजवल्या.

आणखी कुणी नाही. मिठाच्या ढिगाजवळची माणसं, भाजीवाल्या, कुणबी, वाणी — सगळे रुक्माकडे बघत होते. रुक्मा जमिनीकडे. आणि पाटील हसला. सावकाश तिच्याजवळ गेला आणि आपल्या घरचं विचारावं तसं म्हणाला,

“रुक्माय, म्हायेराला कवा गेलतीस उळवीकडं?”

मला काही कळेना. सभा मोडली. काशीनं माझं मनगट धरून शाळेच्या मागे ओढत नेलं. तिला एवढी संतापलेली मी पाहिली नव्हती.

“काय केलंत बाई! काय केलंत!”

“काय केलं?”

“तुम्हांस्नी निम्मंच ठाव हाय. माणूस परमुलखात असला की धागा मोकळा. आणि घरला आला की गाठ! मारावीच लागती. न्हाई मारली तर त्यो पुन्हा जातो. इथलं शेंबडं पोर बी जाणतंय.”

मी मनगट सोडवून घेतलं.

“मग मला आधी का सांगितलं नाहीस? त्या दिवशीच?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्याला हजरच करायला निघाला असता.”

खरं आहे. तेच केलं असतं.

पाटील त्याला गोव्यात गेला म्हणून विसरला होता. कागद मिटायला आला होता. मी चव्हाट्यावर उभी राहून सांगितलं — पोरगा घरी आलाय!

२१ जानेवारी, सोमवार

रुक्माच्या झोपडीवर गेले. चुलीपुढे बसली होती. ‘बसा’ म्हणाली नाही. पहिल्यांदाच.

मी विचारलं, कुठे आहे?

“उळवीकडं. गुंफेत. ताप उतरत न्हाई. चालता येत न्हाई, न्हाईतर कवाच गोव्यात गेला असता.”

“पळाला का तो?”

“भ्याला.” तिनं चुलीतली राख सारखी केली. “तुमी म्हनलासा, बंदूक धरली की सोराज येतंय. तिथं त्याला खड्डं खणायला लावलं, आणि शिव्या. त्यो म्हणाला, आई, हे घरचंच काम हाय, घरी करीन की.”

मी बाहेर आलेलं लाकूड चुलीत सारलं.

मी म्हटलं, पाटील माणसं जमवतो आहे, बुधवारी उळवीचं रान धुंडाळणार. मी काहीतरी करते. साहेबांशी बोलते.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“बाई, आता तुमी काय बी बोलू नगासा. तुमचं बोलणं लई मोठं हाय. आमास्नी सोसत न्हाई. गप ऱ्हावा. एवढंच करा.”

दारात पुतळी उभी होती. वाट सोडली, पण तोंड फिरवलं.

२२ जानेवारी, मंगळवार

गप राहू? कशी राहू? आग मी लावली आणि हात बांधून बघत बसू? आयुष्यभर लोकांना सांगत आले — गप बसणं हाच अपराध.

दिवसभर शाळेत मुलींना काय शिकवलं आठवत नाही. पळून आलेल्याला वाचवणं हे माझ्या सगळ्या बोलण्याच्या विरुद्ध आहे. असू दे. त्याच्या कपाळावरचं कुंकू माझ्या बोटाचं. तापानं फणफणलेलं पोर गुंफेतून ओढून काढतील, छावणीत नेतील — तिथे काय होईल ते मला कळतं.

शाळा सुटल्यावर पाटलाकडे गेले. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. नीट, सावकाश, डोळ्याला डोळा देऊन.

“उळवीला जाऊ नका. रुक्मानं मला विश्वासात घेऊन सांगितलं. तो तिथून कधीच हलला. अनमोडच्या वाटेनं आज-उद्या गोव्यात उतरणार आहे.”

उळवीपासून सगळ्यांत लांबची, उलट्या दिशेची वाट. शिपायांना तिकडे दोन-तीन दिवस मोडतील. तोवर क्विनीन लागू पडेल, तो उभा राहील.

पाटलानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग आत ओरडला, “घोडं काढा रं!” आणि मला म्हणाला, “बाई खोटं बोलत न्हाईत. आख्ख्या महालाला ठाव हाय.”

परत येताना पाय हलके झाले होते. रुक्माला सांगायला जावंसं वाटलं. गेले नाही. गप ऱ्हावा म्हणाली होती. एवढं तरी पाळते.

२३ जानेवारी, बुधवार

शिपाई अनमोडकडे गेले! उळवीच्या वाटेवर एकही नाही.

दुपारी पडवीत कुणी आलं नाही. चटया घालून बसले. काशीसुद्धा नाही, तिचं दुकान बंद. रागावल्या असतील. रागावू देत. कधीतरी कळेल त्यांना.

२४ जानेवारी, गुरुवार

सकाळी पाटील आला. पायरीखाली चपला काढल्या, हात जोडले.

काशीच्या दुकानाची गोव्यातून मीठ आणायला जाणारी गाडी. अनमोडच्या अलीकडे अडवली. रिकाम्या पोत्यांखाली उमाजी, तापानं बेशुद्ध. गाडीमागून रुक्मा, पुतळी, काशी चालत होत्या. रविवारी रात्रीच त्याला गुंफेतून हलवलं होतं — शिपाई उळवीला जाणार म्हणून. सोमवारी रुक्मा मला ‘गुंफेत’ म्हणाली, तेव्हाच तो तिथे नव्हता. तिघी कचेरीत बसवून ठेवल्या आहेत. उमाजीला बेळगावला रवाना केलं.

“आमी उळवीलाच गेलो असतो बाई,” पाटील म्हणाला. “तुमी सांगितलासा तिथंच गावला.”