वरची पेटी, खालचा टीव्ही

१२ नोव्हें., बुध.
गोळी घेतली. टीव्हीवर पेटी परत दिसेना. पूर्वानं, थोरल्या विलासच्या पोरीनं, घरातल्या जुन्या कॅसेटींतलं शूटिंग सगळं एका काळ्या पेटीत भरलंय. पेटी वर त्यांच्या मजल्यावर, टीव्ही खाली माझ्या खोलीत, मधे वायर नाही, तरी चित्र यायचं. कसं, ते कुणी नीट सांगितलं नाही. मागल्या वेळी शेवटची ऊसतोड बघत होते, जमीन बिल्डरला देण्याआधीची. विहीर यायच्या आधीच सगळं गायब. विहीर नेमकी कुठं होती तेवढंच बघायचंय. मी म्हणते, बिल्डरच्या त्या पोहायच्या तलावाखाली. राजू, धाकटा, म्हणतो पार्किंगखाली.

१३, गुरु.
टीव्ही बंद करून चालू केला. तसंच. भिंतीतली पिन काढून लावली. तसंच. राजूची बायको मनीषा म्हणाली, “अहो आई, टीव्हीच गेला असंल.” टीव्ही गेला तर बातम्यांतले भांडखोर कसे दिसतात? म्हणे बी. कॉम.

१४, शुक्र.
गुडघे धरत वर गेले. पेटीचा हिरवा दिवा लुकलुकतोय, हात लावला तर कोमट. म्हणजे जिवंत. वरच्या टीव्हीवर सगळं दिसतं. विलास म्हणाला, “इथंच बघ की बसून.” नाही बसले. शूटिंग त्याचं, म्हणून तो त्यात कुठंच नाही. राजू आहे, ट्रॅक्टरवर, पण त्यानं ते कधी बघितलं नाही. दोघं एका टीव्हीपुढं बसले तर विहिरीचं खरं कळेल. दोघांचं बोलणं बंद. शेडखाली गाडी कुणी लावायची, यावरून. केस पांढरे झाले दोघांचे.

१६, रवि.
एक गंमत. पू.नं मागं माझ्या मोबाइलमध्येपण पेटी घालून दिलेली. वर असले की दिसते. खोलीत आले की नुसतं गोल फिरतं. जिना वळतो तिथं उभी राहिले, दिसली. एक पायरी उतरले, गेली. चढले, आली. किती वेळ तेच. शेजारची कमल बघत होती. “काय हो, व्यायाम का?” म्हटलं, हो, तुम्हालाही गरज आहे.
पेटी तीच, टीव्ही तोच, जिना तोच. मग बदललं काय?

१७, सोम.
सापडलं! दिवाळीनंतर राजूनं वेगळं नेट घेतलं. “त्याच्याकडं मागायला जायचं नाय.” आधी वरच्याच नेटचा एक छोटा डबा खाली असायचा. तो यानं काढला, पिशवीत घातला आणि वरच्या दाराला अडकवून आला. आता टीव्ही याच्या नेटवर, पेटी विलासच्या नेटवर.
पू.ला विचारलं. हसली. “आजी, बरोब्बर! दोन नेटवर्क झालीत. दिसणारच नाही.”
“मग बोलली का नाहीस?”
“पप्पा म्हणाले, खालच्यांच्या भानगडीत पडू नको.”
जमिनीची वाटणी झाली, भांड्यांची झाली. आता हवेचीपण.

१८, मंगळ.
राजूला म्हटलं, तो छोटा डबा परत लाव. “वरचं नेट माझ्या घरात नको.” म्हटलं, घर अजून माझ्या नावावर आहे. मनीषाची पोळी करपली.
पू. म्हणते दुसरा उपाय आहे. वरून सरळ टीव्हीला वायर. राजूचं नेट राजूपाशी, कुणी कुणाकडं मागायचं नाही. पण वायर येणार राजूच्या खिडकीतून.

२०, गुरु.
पू.नं वरून वायर सोडली. कबुतरं बसायच्या आत ग्रिलमधून ओढून घेतली. टीव्हीपर्यंत पुरेना, हातभर कमी. लोंबत ठेवली तशीच. राजूनं येता-जाता बघितलं. जेवताना तोंड उघडलं,
“ती वायर कुणाची?”
“तुझ्या पुतणीची.”
त्यानं आमटी मागितली.

२१, शुक्र.
देवळातून आले तर टीव्ही टेबलासकट खिडकीकडं सरकलेला. मनीषा म्हणते, मी नाही. माझ्याच्यानं तर ते टेबल हलत नाही. विचारलं नाही कुणाला. वायर खोचली.
आलं! सगळ्या कॅसेटींची नावं ओळीनं.

२२, शनि.
दुपारी ऊसतोड लावली. राजू दारात उभा, चपला घालूनच, जसं काही बाहेरच निघालाय. ट्रॅक्टरवर स्वतःला बघून, “बारीक होतो की गं.” मग विहिरीचा कठडा आला.
“थांबव. मागं घे.”
घेतलं.
“विहीर म्हसोबाच्या उजव्या अंगाला होती. हितं डाव्या अंगाला दिसती. दादा उभा कुठं होता?”
म्हटलं, मला काय माहीत, मी चहाची किटली सांभाळत होते. ज्यानं शूटिंग केलं त्याला विचार.
मग गेला. बाहेर जाईल म्हटलं, तर चपला जिन्यावर वाजल्या. जिना वळतो तिथं आवाज थांबला. वर जाईना, खाली येईना.
मी चित्र तसंच थांबवून ठेवलंय. अर्धी विहीर दिसतेय.