सगळा दोष चिमट्याचा

३ मार्च, सकाळी
आजपासून रागावणं बंद. बॉसने तंबी दिली म्हणून नव्हे. मी मुळातच शांत आहे, लोकांना दिसत नाही एवढंच.

३ मार्च, दुपारी
पण माणसाने सहन तरी किती करायचं? एक्स-रेच्या फोटोत दिसायला हवेत क्रिस्टलचे ठिपके, आली पुन्हा बर्फाची वर्तुळं! चिमटा भिकार. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार केला, गोठवलेला क्रिस्टल त्यातूनच उचलला, तरी बर्फ. कंपनीवाल्याला फोनवर सोलून काढला.

५ मार्च
नवा चिमटा. पुन्हा बर्फ. म्हणजे नायट्रोजनच ओला! पुरवठादार म्हणतो, नायट्रोजन ओला नसतो. मला शिकवतो!
मौनीचे फोटो मात्र लख्ख. (मौनी म्हणजे आमची ज्युनियर. दिवसाला चार वाक्यं बोलते.) नशीब, दुसरं काय. आज तिने पाचवं वाक्य काढलं: सर, उघड्या भांड्यावर बोलू नका, श्वासातली वाफ क्रिस्टलवर गोठते. मी तिथेच, भांड्यावर वाकून तिला समजावलं की मी बोलत नाही, शिकवतो. आवाज थोडा चढला असेल.

८ मार्च
बायको म्हणाली, मास्क लावून बघा. घरचे काय, लॅबमधले काय, सगळे एकाच माळेचे मणी.

१० मार्च
मौनीच्या प्रोटीनचा एकच क्रिस्टल उरलाय. वर्षभर खपून वाढवलेला. तिचा थीसिस त्याच्यावरच अडलाय. म्हणे मीच लावते मशीनवर. साफ नाही म्हटलं. इतकं नाजूक काम तापट माणसाचं नाही, आणि ती हल्ली फार घुश्शात असते. उद्या सगळ्यांना बाहेर काढणार. यांच्या लुडबुडीनेच बर्फ होतो.

११ मार्च, सकाळी
खोलीत मी एकटा. बाकीचे काचेपलीकडे. चिमटा गार केला, क्रिस्टल अलगद धरला. हात एकदम स्थिर. मशीनपाशी चिमट्याची खीळ जरा अडली. तिला तिची लायकी सांगितली. फक्त एकदा, पण अगदी जवळून.

११ मार्च, दुपारी
वर्तुळंच वर्तुळं. ठिपका एक नाही.
आता एकेकाला बघतोच, म्हणून ताडकन दार उघडलं. आत कोण होतं, असं विचारणार होतो.
मौनी स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, काचेतून तुमचे ओठ हलताना दिसत होते, सर.
ती गेली आणि क्रिस्टल वाढवायचे नवे ट्रे लावायला बसली. पुन्हा वर्ष लागेल.