दोन्ही बाह्या डाव्या

६ फेब्रुवारी

संपलं एकदाचं! बाबांचं टेलरिंगचं दुकान रिकामं झालं. उद्या किल्ली मोबाईलवाल्याला द्यायची. हमालांना बेतायचं टेबल उचलेना, म्हणून खण बाहेर काढले. तिसऱ्या खणात बाबांचे कागदी नमुने — कॉलर, पाठ, मुंढा — आणि त्यांच्या खाली काळ्या पुठ्ठ्याची वही. बघताक्षणी ओळखली. कटिंग मास्तरांची!

चव्वेचाळीस वर्षं झाली. मला वाटलं होतं, बाबांनी ती त्याच दिवशी जाळून टाकली असेल.

धाकटा भाऊ जाम खूश. "चोराची वही! नऊ मार्चला सगळे जेवायला जमणारच आहेत, पोरांना दाखवू."

ही आमची घरची गोष्ट. पाहुणा आला की धाकटा सुरू होतो. आधी मास्तरांची नक्कल — आपली भाषा बोलताना कसे अडखळायचे, मान कशी हलवायचे. मग माझी एंट्री. सोळा वर्षांची मी. शाळा सुटली की दुकानात काज करायला बसायची. मास्तर कापड घडी करून पिशवीत टाकताना दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा, भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, बाबांच्या देखत पिशवी उलटी केली. राखाडी कापड बाहेर! वही हिसकावली आणि मी ओरडले, "ही बघा यादी, कुणाकुणाचं नेलंय!" मास्तर "येतो मालक" एवढंच म्हणाले आणि गेले ते गेलेच.

"आत्याआजीनं चोर पकडला!" असं धाकट्याची नात टाळ्या पिटून म्हणते. खोटं कशाला लिहू, मला ते आवडतं.

बाबा असताना ही गोष्ट निघाली की ते उठून जायचे. कधी पंखा बघायला, कधी उगाच पाणी प्यायला. बिचाऱ्यांना विश्वासघात सोसला नाही.

७ फेब्रुवारी

नुसती वही काय दाखवायची? आत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं तर खरी मजा! पण लिपी मास्तरांच्या लोकांची. त्या लोकांची भाषा कानाला सवयीची, बाजारात अर्धीमुर्धी कळते. वाचायच्या नावाने मात्र शून्य. महिना आहे हातात. शिकते! साठी झाली म्हणून डोकं काही गंजलं नाही.

९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरची औषधवाली त्यांच्यातलीच. बीपीच्या गोळ्या घेता घेता विचारलं, "तुमच्या मुळाक्षरांचं पुस्तक आहे का हो?"

"कशाला?" डोळे बारीक!

म्हटलं, सहज.

"माझी आई म्हणायची, तुमचे लोक सहज म्हणून काही करत नाहीत. ओठात एक, पोटात एक." आणि वर हसली!

तणतणत घरी आले. जिना चढताना आठवलं — आमची आत्या त्यांच्याबद्दल हेच म्हणायची. अगदी हेच. शिवाय, "त्यांच्या हातावर लक्ष ठेवा गं, रक्तातच असतं त्यांच्या." त्या बाईला आयुष्यात त्यांच्यातलं एक माणूस नीट माहीत नव्हतं. मास्तर सोडून. आणि मास्तरांशीही ती कधी बोलली नाही.

संध्याकाळी औषधवालीनं पुस्तक पाठवून दिलं. तिच्या मुलीचं. पहिल्या पानावर निळा रंगवलेला घोडा.

११ फेब्रुवारी

यांच्या अक्षरांवर वर रेघच नाही! आपली कशी दोरीवर ओळीनं वाळत घातलेली असतात. ही नुसती सांडलेली बटणं. दोन तासांत चार अक्षरं आली आणि त्यातली दोन जेवताना विसरले.

१३ फेब्रुवारी

आकडे उलगडले! सगळेच्या सगळे!

अक्कल माझीच. पुस्तक बाजूला ठेवलं आणि वही उघडली. एका पानावर एक गिऱ्हाईक, खाली मापं. मापं तर मला तोंडपाठ आहेत! बाबा टेप लावायचे, मोठ्यानं आकडा सांगायचे, मास्तर लिहायचे. बेकरीवाल्याचं पोट सेहेचाळीस — बाबा दरवेळी म्हणायचे, "सेहेचाळीस, आणि वाढतंच आहे!" आणि तो दरवेळी श्वास आत ओढायचा. हेडमास्तरांची छाती अडतीस, गळा चौदा. म्हणजे हे चार, हे सहा. हा आठ, हा तीन. पाटावर बसल्यासारखी फरशीवर मांडी ठोकून बसले होते, उठताना गुडघे बोंबलले.

आकडे वाचताना बाबांचा आवाज ऐकू येत होता. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की यायचा तो वाससुद्धा.

१६ फेब्रुवारी

आज "बटण" वाचलं. स्वतः! कुणी न सांगता!

२० फेब्रुवारी

आकड्यांवरून गिऱ्हाईक, गिऱ्हाइकावरून नाव, नावावरून अक्षरं. गाडी चालली. अडलं की लायब्ररीतला शब्दकोश, तिथंही अडलं की औषधवाली. तिला फक्त सुटा शब्द दाखवते, पान नाही. आत शिव्या असल्या तर? आमच्यासाठीच असतील!

आज बँकेतल्या साहेबांचं पान लागलं. मापांच्या खाली बारीक ओळ: "डावा खांदा उतरलेला. आत भर घालणे. त्यांच्यासमोर बोलू नये." पुढच्या पानावर टपालवाला: "पाठीला पोक. आरशासमोर सरळ उभं करू नये, लाजतो."

शिव्या नाहीत. हेच आहे पानोपानी. कुणाचं काय झाकायचं ते.

मास्तर डोळ्यांसमोर आले. कानावर खडू, दातांत टाचणी, त्यामुळे कमी बोलायचे. आणि आम्ही म्हणायचो, मुकाट लोक! दातांत टाचण्या धरून माणूस बोलणार तरी कसा?

२४ फेब्रुवारी

माझं पान आहे! "छोटी मालकीण." मला असंच म्हणायचे — "छोटी मालकीण, काज जरा सावकाश."

आठव्या वर्षापासूनची मापं. दरवर्षी एक ओळ. "उंची वाढली. बाहीत दोन इंच दाबून ठेवले." पुढच्या वर्षी: "दोन इंच सोडले. पुन्हा दोन दाबले." म्हणजे माझे कपडे कधी तोकडे झाले नाहीत, ते असे! आईला वाटायचं, पोरीच्या अंगाला कापड लाभतं. शेवटची ओळ सोळाव्या वर्षाची: "हात चांगला आहे. घाई फार. डोळे बापासारखे नसोत."

हे शेवटचं काही कळलं नाही. बाबांचे डोळे काय वाईट होते?

फार आठवण येते आहे त्या दुकानाची. पायमशीनच्या आवाजाची. सगळ्यांचीच.

२ मार्च

काही नावांपुढे लहानसा गोल आहे. हीच ती माझी "यादी". गोल असलेली पानं मुद्दाम मागे ठेवली होती, जेवणाच्या वेळी धमाल म्हणून. आज पहिलं वाचलं.

"वकिलांचा तपकिरी कोट. दोन्ही बाह्या डाव्या. घरी नेल्या."

खाली: "कापड दोन्हीकडून सारखं, उलटून भागलं. मालकांना सांगितलं नाही."

दोन्ही बाह्या डाव्या! ही चूक फक्त बेतणाऱ्याची. कापडाची घडी उलटायला विसरलं, खडूची खूण नीट दिसली नाही, की एक डावी, एक उजवी निघायच्या जागी दोन्ही डाव्याच निघतात. शिकाऊ माणूस करतो. आणि आमच्याकडे कोट फक्त बाबा बेतायचे. मास्तरांकडे शर्ट आणि पँट. कोटाला बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बाबांची कात्री म्हणजे गावभर नाव!

अठरा गोल आहेत. अठराही कोट. "खिसा दीड इंच खाली. घरी नेला." "दोन्ही बाह्या डाव्या. कापड उलटत नाही, काखेत जोड दिला, दिसणार नाही." "मालकांना सांगू नये. डोळ्यांचं त्यांना स्वतःला कळलं नसावं. वाईट वाटेल."

बाबांना दिसत नव्हतं. सुईत दोरा मला ओवायला लावायचे, लाडानं लावतात असं वाटायचं मला! मास्तर गेल्यावर वर्षभरात त्यांनी बेतणं सोडलं आणि गल्ल्यावर बसले. आम्ही म्हणायचो, त्या माणसामुळे बाबांचं मन विटलं.

मास्तर चोरत नव्हते. बिघडलेलं घरी नेत होते. नीट करून सकाळी, कुणी यायच्या आत, परत ठेवत होते.

आणि मी पिशवी उलटी केली.

३ मार्च

वही उघडली नाही.

५ मार्च

औषधवालीला सगळं सांगून टाकलं. काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही ऐकला होता हा किस्सा. तुमच्या लोकांकडे कामाला जाऊ नका, पिशवी तपासतात — असं आम्हाला सांगायचे." आणि विचारलं, "ते आहेत का अजून?"

नाहीत. नंतर म्हणे पुलापलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. कात्री त्यांच्या हातात परत कुणी दिलीच नाही. धाकटा तेही गोष्टीत सांगतो, अगदी शेवटी. तिथंच जास्त हसतात. मीही हसले आहे. किती वेळा, देव जाणे.

मला रडू आलं. तिनं काउंटरवरून टिश्यूचं पाकीट सरकवलं आणि म्हणाली, "आता बोला तुम्ही. इतकं शिकलात ते काय पुस्तक परत द्यायला?"

९ मार्च

जेवणं झाली. धाकट्यानं ग्लासवर चमचा वाजवला. "आता चोराची गोष्ट!" नक्कल सुरू केली. नात माझ्या मांडीत येऊन बसली.

मी म्हटलं, "थांब. आज मी सांगते."

वही उघडली. त्यांच्या भाषेत वाचलं — अडखळत, अगदी मास्तर आपली बोलायचे तसंच! — आणि मग आपल्या भाषेत. बँकेतल्या साहेबांचा खांदा. माझ्या बाहीतले दोन इंच. अठरा कोट.

धाकटा लाल झाला. "बाबांच्या कात्रीला नाव ठेवतेस? त्या माणसानं लिहिलं ते खरं, आणि आपले बाबा खोटे?"

"बाबा खोटे नाहीत," मी ओरडलेच. "बाबांना ठाऊकच नव्हतं! इथं लिहिलंय, सांगितलं नाही म्हणून. कळलं असतं ना, तर बाबांनी मास्तरांचे पाय धरले असते. भर दुकानात धरले असते!"

"मग बाबांनी ही वही इतकी वर्षं कशाला ठेवली?"

"पुरावा म्हणून," म्हटलं आणि वही मिटली.

नातीनं हळूच विचारलं, "आत्याआजी, मग चोर कोण होतं?" सूनबाई तिला उचलून आत घेऊन गेली.

१० मार्च

धाकट्याचा फोन. रागावलेलाच होता. पण म्हणाला, "नक्कल नाही करणार यापुढे." मग फोन ठेवता ठेवता विचारलं, "बाबांना खरंच माहीत नव्हतं ना गं, ताई?"

"नव्हतं रे," म्हटलं. "शप्पथ."

एकच पान राहिलंय. संपवून वही कपाटात ठेवते.

११ मार्च

शेवटचं पान. तारीख मी पिशवी उलटी केली त्याच दिवसाची. हेडमास्तरांचा राखाडी कोट. तीनदा वाचलं. शब्दकोश घेऊन पुन्हा वाचलं.

"दोन्ही बाह्या डाव्या. आज मालकांना स्वतःलाच कळलं. सगळे यायच्या आत त्यांनी स्वतः घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाले, मास्तर, तुमच्या पाया पडतो, माझ्या पोरीला कळू देऊ नका."