लाल टोपणाची नळी

प्रिय ताई,

पाकीट बघून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हातात फोन असताना हे पत्राचं काय खूळ काढलं, असं तू म्हणणार. पण फोनवर आपलं दोघींचं ठरून गेलंय ना. भावजींचं बीपी, तुझ्याकडचा गळका नळ, माझे गुडघे. त्यात माझ्या लॅबचं नाव निघालं की तुझ्या गॅसवर हटकून काहीतरी उतू जायला आलेलं असतं. मी त्याचा राग धरत नाही गं. पण या वेळी सांगायचंय ते लॅबमधलंच आहे आणि शेवटी तुला एक विचारायचंही आहे. तेव्हा कृपा करून गॅस बंद कर, चष्मा लाव आणि पूर्ण वाच.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्पिटलात एक टेलर दाखल झाले. स्कूटर घसरून मांडीचं हाड मोडलेलं, दुसरीकडे कुठेतरी आत सळई घालून ते जोडलेलं, आणि आता त्या सळईला जंतू चिकटून बसलेले. उजवा पाय. हा माणूस उभा जन्म पायाने मशीन चालवत आलेला. मोटर का बसवत नाही विचारलं तर म्हणाले, कापड कुठे थांबवायचं ते मोटरला कळत नाही, पायाला कळतं. अंगात ताप असायचा तरी बडबड चालूच. नर्सच्या अ‍ॅप्रनची बाही बघून, कुणी बिघडवली ही, असं म्हणत कपाळाला हात लावायचे. सर्जन मात्र हसत नव्हते. जखमेतला पू थांबत नव्हता. पाय मांडीपासून काढावा लागेल, आणि फार उशीर केला तर जंतू रक्तात उतरतील, मग पायाचा प्रश्नच उरणार नाही, असं त्यांनी टेलरच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं.

त्यांचा जंतू तपासायला माझ्याकडे आला. काम तेच, तुला माहीत असलेलं. बशीत जंतू पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कुठल्या चकतीभोवती जंतू मरतात ते बघायचं. एकीभोवतीही मेले नाहीत. अगदी चकत्यांना खेटून वाढले मेले. माझी एक पद्धत आहे. ज्या जंतूवर काही ना काही चालतं त्याच्या नळीला मी हिरवं टोपण लावते, आणि ज्याच्यावर काहीच चालत नाही त्याला लाल. नळ्या मग डीप फ्रीझरमध्ये जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. टेलरच्या नळीला मी लाल टोपण लावलं तेव्हा माझा हात जरा थांबला.

का थांबला ते तुला कळलंच असेल. ताई, मी आता तिचं नाव घेणार आहे. तुझ्या घरात ते कुणी घेत नाही, भावजीही नाहीत, आणि तुझ्यासमोर मीही इतकी वर्षं गिळून टाकलं. पण माझ्या भाचीबद्दल मी किती दिवस "ती, ती" करत राहू? भिंगरी. एका जागी ठरायची नाही म्हणून मीच पाडलेलं नाव, आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव शेवटी शिक्षकसुद्धा विसरले. तिच्याही मांडीत अशीच सळई होती. तिचाही जंतू माझ्याच टेबलावर आला होता आणि तिच्याही नळीला मी माझ्याच हाताने लाल टोपण लावलं होतं. त्यानंतर वॉर्डाबाहेर तू मला म्हणालीस, "रोज जंतूंशी खेळतेस, आणि माझ्या पोरीचा एक जंतू तुला मारता आला नाही." लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण तुझ्यावर चिडायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण मीही स्वतःला तेच विचारत होते.

आता ऐक. जंतूंनाही शत्रू असतात. त्यांना फेज म्हणतात. जंतू इतका बारीक, तर हा त्याच्याहूनही कितीतरी बारीक, विषाणूच तो, पण आपल्या वाटेला न जाणारा. मोठ्या मायक्रोस्कोपखाली त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा कुणीतरी बसून घडवलाय असंच मला वाटलं. वर कंगोरेदार डोकं, खाली बारीक दांडा, आणि दांड्याला कोळ्यासारखे पाय. जंतू सापडला की हा त्या पायांनी त्याच्यावर बसतो, दांडा आत खुपसतो आणि डोक्यातलं सगळं त्याच्या पोटात रिकामं करतो. थोड्याच वेळात जंतूच्या आत त्याच्यासारखे शेकड्यांनी तयार होतात आणि जंतू फुटतो. मग ते पुढच्याच्या शोधात निघतात. एकेका फेजची एकेका जंतूशीच काय ती गाठ, बाकी कुणाला बोटही लावत नाही. हे समुद्रात आहेत, मातीत आहेत, हे पत्र वाचताना तुझ्या आतड्यातसुद्धा आहेत. इतकी वर्षं जंतूंत घालवून मला त्यांचं कौतुक म्हणून वाटेनासं झालं होतं, पण यांच्यापुढे मी पहिलीत बसल्यासारखी बसते.

हे औषध म्हणून वापरायचं म्हणजे आधी शोधायला हवं, आणि शोधायचं कुठे, तर जिथे जंतू असतात तिथे. थोडक्यात, गटारात. आमच्याकडे आता त्याचं वेगळं खातंच निघालंय, त्यात मी आणि आमचा चष्मेवाला. हा माझ्याच वयाचा, हुशार, पण चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम खिशात. टेलरसाठी आम्ही दोघं गावभर दोरी बांधलेल्या बाटल्या घेऊन हिंडलो. नाला झाला, तलाव झाला, सांडपाण्याची टाकी झाली. लोक बघून नाक दाबायचे. एक आजीबाई मला म्हणाल्या, "काही पडलं का गं आत?" मी म्हटलं, हो आजी, तेच शोधतेय. एकाही पाण्यात टेलरच्या जंतूला मारणारा फेज मिळाला नाही. इकडे सर्जनने पाय काढण्याचा दिवसही बघून ठेवला.

आणि एका सकाळी चष्मेवाला बशी घेऊन जवळजवळ धावतच आला. दुधट दिसणाऱ्या जंतूंच्या थरात स्वच्छ गोल छिद्रंच छिद्रं, धुळीच्या काचेवर पावसाचे टपोरे थेंब पडून गेल्यासारखी. प्रत्येक छिद्र म्हणजे जंतूंचं कुटुंबच्या कुटुंब साफ. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. पण मी तेच पुन्हा करून पाहिलं, तर टेलरच्या जंतूवर एक छिद्र पडेना. पुन्हा केलं, तरी नाही. मग मी त्याला म्हटलं, त्या दिवशी नळी कुठली काढलीस ते दाखव. त्याने फ्रीझरच्या कप्प्यातून लाल टोपणाची नळी काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर बर्फ साचला होता. त्याने लाल टोपण पाहिलं, कप्पा पाहिला आणि न पुसताच घेतली होती, चष्मा अर्थात कपाळावर. मी अंगठ्याने बर्फ पुसला. नळी टेलरची नव्हती. नंबर वाचायची मला गरजच पडली नाही, माझं अक्षर मी ओळखलं. ती भिंगरीची होती.

मी स्टुलावर बसले. चष्मेवाल्याला काही माहीत नव्हतं, तो बिचारा माफी मागत सुटला. मी त्याला एवढंच विचारलं की हे पाणी कुठलं. आणि ताई, इथे मी लिहू की नको म्हणून फार घुटमळले, पण अर्धं सांगितलं तर उरलेलं तुला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळेल. ते पाणी आमच्याच हॉस्पिटलच्या मागच्या गटारातलं होतं. भिंगरीच्या खाटेशेजारची खिडकी आठवते? वास येतो म्हणून तू जी सारखी लावून घ्यायचीस, तिच्या खालचं गटार. तिचा जंतू मारणारा तिथे खाली वाहत होता. तेव्हाही होता का? मला माहीत नाही, कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा आमच्या हॉस्पिटलात हे करणारं कुणी नव्हतं, आणि सापडला असता तरी ती वाचलीच असती असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी बाथरूमचा नळ मोठा सोडून खूप रडले. तू हे वाचून रडशील, तेव्हा मी जवळ नसेन याचं मला वाईट वाटतंय.

पुढचं ऐक, खरा चमत्कार पुढेच आहे. भिंगरीचा जंतू आणि टेलरचा जंतू अगदी लांबचे नव्हते, चुलत भावंडं म्हण. मग आम्ही दोन्ही जंतू एकाच नळीत वाढवले आणि हा फेज त्यांच्यात सोडला. भिंगरीच्या जंतूवर त्याचं पोट भरायचं, तो वाढायचा, कोट्यवधी व्हायचा. एवढ्या नकला निघताना कुठे ना कुठे चूक होणारच. बहुतेक चुका वाया जातात. पण एखाद्याचा पाय जरा वेगळा पडतो आणि तो नेमका टेलरच्या जंतूवर घट्ट बसतो. तेवढेच वेचायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा वेचायचे. सर्जनला मी हातापाया पडून थांबवलं, म्हणजे आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडमनी थांबवलं, मी मागे उभी राहून मान हलवली. आणि एक दिवस टेलरच्या जंतूच्या बशीत छिद्रं पडली. आधी मोजकी, मग मोजायची सोय उरली नाही. नळी निवडताना एक चूक, नक्कल होताना दुसरी चूक, आणि त्यातून औषध. मी देवाधर्माची नाही हे तुला माहीत आहे, पण त्या बशीला मी नकळत हात जोडले.

परवानग्या, सह्या, गाळणं, तपासणं हे सगळं झाल्यावर एकदाचं ते टेलरच्या जखमेत आणि शिरेत गेलं. पहिल्या रात्री ताप एवढा चढला की त्यांची बायको माझ्याकडे बघेनाशी झाली. मग उतरला आणि उतरलेलाच राहिला. पू आटला, जखम आतून भरत आली, सर्जनने सळई बदलली पण पाय राहिला. मजा म्हणजे फेजबरोबर एक जुनं औषधही चालू लागलं, जे आधी ढिम्म चालत नव्हतं. टेलरनी मला विचारलं, ही फौज आता कायम अंगात राहणार का? मी म्हटलं, नाही, जंतू संपले की यांनाही खायला नाही, आपसूक जातात. तर म्हणाले, काम झाल्यावर न सांगता उठणारे पाहुणे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

परवा ते चालत लॅबमध्ये आले. काठी होती, पण पाय स्वतःचा. माझ्या मायक्रोस्कोपसाठी कापडी झाकण शिवून आणलं होतं, कोपरे इतके नेटके की ते वापरायला जीव होत नाही. त्यांना बशी दाखवली, सगळी हकिकत सांगितली, की तुमच्या जंतूवर हे थेट वाढलंच नसतं, आधी दुसऱ्या एकाच्या जंतूवर वाढावं लागलं. तो कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक मुलगी होती. त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि बशीवर वाकले. मग म्हणाले, "तिच्या आईला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून हे पत्र.

आता विचारायचं ते. आमच्यात रीत अशी आहे की ज्याला फेज सापडेल त्याने त्याचं नाव ठेवायचं. माणसं वाट्टेल ती नावं ठेवतात. आमच्याकडे एक खादाड आहे, एक सोमवार आहे, आणि एकाचं नाव मामेसासरे आहे, का ते विचारू नकोस. ते नाव मग नळीवर, कागदोपत्री, दूरदूरच्या लॅबमध्ये जातं आणि कायमचं राहतं. याचा मान चष्मेवाल्याचा, पण सगळं कळल्यावर तो म्हणाला, नाव तू ठेव. मी चिठ्ठी कोरीच ठेवली आहे. मला त्याचं नाव भिंगरी ठेवायचंय, ताई. ज्या जंतूने तिला नेलं, त्यालाच हा खातो. उद्या कुठल्यातरी हॉस्पिटलात, कुठल्यातरी आईला डॉक्टर सांगतील की आम्ही भिंगरी देऊन बघतोय, आणि ते नाव पुन्हा लोकांच्या तोंडात येईल. पण ती तुझी लेक आहे, आणि नाव मी पाडलेलं असलं तरी आता त्यावर हक्क तुझा आहे. नको म्हणालीस तर मी दुसरं ठेवीन, आणि तुझ्यावर रुसणार नाही. हो म्हणणार असलीस तर फोनवर नको सांगूस, इथे ये आणि चिठ्ठी तुझ्या हाताने लिही. एक काम मात्र मी तुला न विचारता काल करून टाकलं. फ्रीझरमधून तिची नळी काढली, लाल टोपण काढलं, आणि हिरवं लावून परत तिच्या जागी ठेवली.

तुझी वाट बघणारी,
तुझीच धाकटी