नळातल्या 'न'चा खून

मी, रंगाईच्या कारखान्यात कापड वाळत घालणारी, वय अठरा वर्षं नऊ दिवस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्याच अक्षरात लिहितेय. कोणी भरीस घातलेलं नाही. आजारी नाही. किळस आलीय, पण किळस म्हणजे वेड नव्हे, असं वकीलबाई म्हणाल्या.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. आज सुटताना मुकादम कानाशी येऊन म्हणाला, "टाकी परत तुंबलीय गं. या वेळी तुला उतरवू." म्हणून लिहून ठेवते.

१. माझी गादी आणि मोबाइल मावशीला. मावशी, दादा गेल्यापासून जमिनीवर झोपतेस. गादी घे, नाटकं नकोत.

२. दादाला मुकादमाने तोंडाला काही न देता सांडपाण्याच्या तुंबलेल्या टाकीत, विषारी वायूत उतरवलं. वर ओढेपर्यंत दादा गेला होता. मास्क होता. कपाटात, कुलपात, पिशवीसकट. तपासणीवाले आले की बाहेर काढून खिळ्याला लावायचे, ते गेले की परत आत. पुसायला मलाच द्यायचे. उद्या मला बोलता आलं नाही, तर हे कलम वाचावं.

३. शब्दाबद्दल. तक्रारीत मी 'दादाचा खूण झाला' असं लिहिलं. सातवीत शाळा सुटली, माझ्या तोंडात न आणि ण एकच. चौकीतला लिहिणारा हसला. "बाणातला ण? कुठे केली खूण, पाठीवर?" मुकादम शेजारीच चहा पीत बसलेला. "आणि रक्त कुठंय? थेंब तरी होता का?" मला थुंकावंसं वाटलं. मी चपलेकडे बघत राहिले. कागदावर 'अपघात' झालं.

वकीलबाईंनी ते कोर्टात नेलं. त्या म्हणाल्या, खून हा शब्द फारसीतला, तिकडे त्याचा अर्थ नुसता रक्त. आपल्याकडे जीव घेणं झाला. म्हणजे रक्त तिकडेच राहिलं की! मग याला थेंब कशाला हवा? कायद्यात म्हणे खुनाला इरादा लागतो, म्हणून हा 'सदोष मनुष्यवध'. वध राक्षसाचा करतात. माझा दादा शिंकला तरी सॉरी म्हणायचा. कोर्टाने कोर्टाचा शब्द लिहावा. आमच्या घरात खूनच म्हणायचं. नळातला न.

४. मुकादम भेटायला आला तर दारातूनच घालवावा. दादाच्या वेळी आला, पोटभर जेवला आणि हात आमच्या पडद्याला पुसले. तो पडदा जाळावा.

५. मी कशानेही मेले तरी चौकशीआधी 'अपघात' लिहू देऊ नये.

ठिकाण: मावशीची खोली
दिनांक: साक्षीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी
सही: मी
साक्षीदार: मावशी (अंगठा), खालचे सायकल दुरुस्तीवाले काका (सही)

ता.क. काका आधी सही करेनात. "वाचून दाखव. ऐकल्याशिवाय नाही करणार."
"तुम्हीच वाचा ना."
"चष्मा नाही."
चष्मा खिशातून डोकावत होता. मग मीच उभं राहून वाचलं. तिसऱ्या कलमाला दोनदा अडकले, पण पुरं केलं. मावशी म्हणाली, "अगं, जिन्यापर्यंत ऐकू गेलं."

उद्या एवढाच आवाज लावायचाय.