संघ आणि माझा पायगुण

मेलबर्न

ती. आक्का,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी खुशाल आहे. गोदेला पाणी आलं का?

दर शनिवारी मिलिंद मला इथल्या फुटबॉलला नेतो. बापलेकांचं आठवड्याचं बोलणं तेवढंच. सामन्याआधी भल्यामोठ्या कागदावर कविता लिहितात अन् खेळाडू तो फाडत मैदानात धावतात. जीव हळहळतो गं!

अर्धा मोसम सरला, पण आमचा संघ हरतोच आहे. शेजारचे म्हणतात, बचाव ढिला पडलाय. मिलिंद हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही यायला लागल्यापासून एकही जिंकलो नाही हो!"

आज थंडीचं निमित्त काढून घरीच राहिलो. त्यानं आग्रह केला नाही.

संघ जिंकावा, असं मनापासून वाटतं. पण जिंकला, तर पुढच्या शनिवारी मला कोण नेईल?

तुझा धाकटा,
वसंता