माय, मी डास पाळते

माय, तुला हे कधीतरी सांगायचंच होतं. मी नंदुरबारच्या एका प्रयोगशाळेत डास पाळते. पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात अंडी सोडायची, अळ्यांना माशांच्या खाद्याची पूड घालायची, डास झाले की जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून कापसाच्या बोळ्याने साखरपाणी द्यायचं. माद्यांना रक्त लागतं, तेही कोमट. माझे डास निरोगी असतात. मलेरिया त्यांच्या पोटात कसा वाढतो, कोणत्या औषधाने थांबतो, हे पुढे दुसऱ्या बंद खोलीत तपासतात.

मी चौथीत होते. तुला दिवसाआड थंडी भरायची आणि मधल्या दिवशी तू रनाळ्याच्या घरी चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापायचीस. मी कपाळाला हात लावला की पिठाच्या हाताने मला ढकलायचीस. "ताप उतरना, आते मी बरी शे. तू शाळाले जाय." एक दिवस अशीच मी शाळेत जाते. परत येते तेव्हा ओट्यावर बाया बसलेल्या असतात.

या नोकरीचं कळलं तेव्हा आबांनी ताट सरकवलं. "ज्या मच्छरनी तुन्ही माय खादी, त्यालेच तू पोसी ऱ्हायनी?" पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी, पोटच्या मुलीशी, बोलले नाहीत.

यंदा मे महिन्यात ते दवाखान्याच्या कामाने शहरात आले आणि मला डबा द्यायला थांबले. नेमकी वीज गेलेली, जनरेटर बंद पडलेला. खोली तापली होती आणि पिंजऱ्यांच्या तळाशी डास पडू लागले होते. मी एकटीच टॉवेल भिजवून पिंजऱ्यांवर टाकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आबांनी दारातूनच ते पाहिलं. मग टोपी काढून खिशात घातली, बादली उचलली. "आनखी फडका शे का?"

दुपारभर ते पाणी आणत राहिले, मी टॉवेल पिळत राहिले. एक पिंजरा गेला. दोन वाचले. वीज आल्यावर आबांनी जाळीला डोळा लावून पाहिलं. "हाई काम तव्हय व्हतं तं..." एवढंच बोलले आणि खाली बसून रडले. तू गेलीस तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते.

हे पत्र मी त्यांना दाखवणार नाही. त्यांना त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं तर त्यांना पुन्हा रडताना मलाच बघवणार नाही.